मदोंच्या मठासाठी एक चित्र

पॅरिस शहराच्या नैर्ऋत्येस, सेन नदीच्या बाजूच्या टेकडीवर मदों नावाचे उपनगर आहे. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या काळात तेथे धर्मभगिनींचा एक मठ होता. आपल्या संस्थापिकेचे चित्र मठात असावे, अशी त्या भगिनींची इच्छा होती. आणि तेही एकच नव्हे, तर मठातील प्रत्येक खोलीत एकेक. संस्थापिका मारी पूसपँ १७४४ सालीच निवर्तलेल्या. समोर बसवून त्यांचे चित्र काढणे शक्यच नव्हते. हाताशी होते ते एक छापील प्रार्थनाकार्ड, आपल्याकडील आजीबाई प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून जपून ठेवतात तसलेच. ते कार्ड भगिनींनी गावात राहणाऱ्या एका परदेशी बाईच्या हाती दिले. बाई वयाने छत्तीस-सदतीस वर्षांची, अविवाहित, अबोल, मांजरांवर जीव लावणारी आणि नुकतीच, १९१३ साली, कॅथलिक ख्रिस्तसभेत आलेली.

त्या बाईचे नाव ग्वेन जॉन. ग्वेनने ते काम स्वीकारले आणि सुमारे सात वर्षे ती त्यात गुंतून राहिली.

कलेच्या इतिहासात ग्वेन जॉनचा उल्लेख बहुधा दोन पुरुषांच्या आधाराने होतो. एक तिचा भाऊ ऑगस्टस जॉन, जो त्या काळी इंग्लंडमधला सर्वांत गाजलेला चित्रकार होता. दुसरा फ्रेंच शिल्पकार ऑगस्त रोदँ. या दोघांना टाळून तिची कथा सांगता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्या प्रार्थनाकार्डाला तिच्या आयुष्यात जे स्थान आहे त्याकडे आपल्यासारख्या वाचकांनी अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते. म्हणून प्रारंभ तेथून केला.

ग्वेनचा जन्म २२ जून १८७६ रोजी वेल्स प्रांतातील हॅवरफर्डवेस्ट या गावी झाला. वडील एडविन जॉन वकिली करीत. आई ऑगस्टा हौशी चित्रकार होती. जलरंगात चित्रे काढण्याचा तिला नाद होता. चार भावंडांत ग्वेन दुसरी, ऑगस्टस तिच्याहून दीड वर्षाने धाकटा. १८८४ साली आई वारली तेव्हा ग्वेन आठ वर्षांची होती. त्यानंतर कुटुंब टेन्बी या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. वडील शिस्तीचे आणि अबोल. घर प्रॉटेस्टंट, दोन मावश्या तर साल्व्हेशन आर्मीच्या कार्यकर्त्या. आईवेगळ्या मुलांनी त्या घरात कागद-पेन्सिलीचा आश्रय घेतला, यात नवल काहीच नाही. ग्वेन आणि ऑगस्टस समुद्रकिनाऱ्यावर जाऊन चित्रे काढीत बसत.

लंडनच्या स्लेड कलाशाळेत आधी भाऊ गेला आणि १८९५ साली पाठोपाठ ग्वेन गेली. १८७१ साली स्थापन झालेल्या या शाळेने आरंभापासूनच मुलींना प्रवेश दिला होता. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. इंग्लंडच्या रॉयल अकादमीने १७६८ साली स्थापनेच्या वेळी दोन स्त्रिया सदस्य म्हणून घेतल्या होत्या. त्यानंतर पूर्ण सदस्यत्व मिळालेली पुढची स्त्री म्हणजे लॉरा नाइट, आणि तिची निवड झाली १९३६ साली! एकशे अडुसष्ट वर्षांचे हे अंतर. स्लेडमध्ये ग्वेन तीन वर्षे शिकली आणि अखेरच्या वर्षी मानवाकृतींच्या रचनेसाठीचे पारितोषिक तिने मिळवले.

तिच्या तेथील मैत्रिणींपैकी एकीविषयी येथे थोडे लिहिले पाहिजे. आयडा नेटलशिप ही ग्वेनच्या तोडीची हुशार मुलगी. १९०१ साली तिने ऑगस्टसशी विवाह केला. सहा वर्षांत पाच मुलगे झाले. ब्रश हातातून गेला तो गेलाच. त्यातच नवऱ्याने डोरेलिया नावाच्या तरुणीलाही संसारात आणले. मार्च १९०७ मध्ये पाचव्या बाळंतपणानंतर पॅरिसमध्ये आयडाचा अंत झाला. वय अवघे तीस. ग्वेन त्या वेळी त्याच शहरात राहत होती. ग्वेनने लग्न का केले नाही, याची मोठमोठी कारणे चरित्रकार शोधतात. मला त्यांतले एक आयडाच्या बाजेपाशीच दिसते.

१८९८ साली ग्वेन, आयडा आणि आणखी एक मैत्रीण पॅरिसला गेल्या होत्या. तेथे अमेरिकन चित्रकार व्हिसलर याच्या मार्गदर्शनाखाली चालणाऱ्या शाळेत ग्वेन काही महिने शिकली. व्हिसलरचा भर रंगांच्या छटांवर असे. चित्राला हात लावण्यापूर्वी रंगपाटीवर सगळ्या छटा क्रमवार मांडून घ्याव्या लागत. ऑगस्टसने पुढे एक आठवण लिहून ठेवली आहे. लूव्र संग्रहालयात व्हिसलरची गाठ पडली असता त्याने बहिणीच्या चित्रांत व्यक्तिस्वभाव छान उतरतो, असे म्हटले. त्यावर व्हिसलरने स्वभाव वगैरे झटकून टाकले आणि तिला छटेची उत्तम जाण आहे, एवढीच पावती दिली. ही पावती तिला जन्मभर पुरली. पुढे तिच्या वह्यांत रंगछटांना आकडे देऊन केलेल्या नोंदी सापडतात. जणू एखादा वाणी खतावणी लिहीत आहे.

लंडनला परतल्यावर १९०० सालापासून तिची चित्रे प्रदर्शनांत लागू लागली. त्या काळात तिने स्वतःचीच दोन चित्रे काढली. त्यांपैकी १९०२ चे, तांबड्या पोलक्यातील चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते जेमतेम दीड फूट उंच आहे. मागे काही नाही, हातात काही नाही; फक्त एक बाई आपल्याकडे शांतपणे आणि थोड्या ताठ मानेने पाहत आहे. तिच्या एका शिक्षकाने, फ्रेड ब्राउन याने, ते विकत घेतले. १९०३ साली एका लंडन गॅलरीत भावाबहिणीचे संयुक्त प्रदर्शन भरले. त्याची चाळीसहून अधिक चित्रे आणि तिची दोन-तीन. यावरून दोघांचा पिंड कळावा.

त्याच वर्षाच्या शरदऋतूत तिने एक विलक्षण गोष्ट केली. वर उल्लेखिलेल्या डोरेलियाला सोबत घेऊन ती बोटीने फ्रान्समधील बॉर्दो येथे उतरली आणि दोघी पायी रोमला निघाल्या! पाठीवर चित्रांचे सामान, रात्री शेतात किंवा गोठ्यात मुक्काम, आणि पोटासाठी खेड्यांतील खानावळींत लोकांची चित्रे काढून मिळतील ती नाणी. तूलूझपर्यंत त्या पोहोचल्या. थंडी तेथेच काढली. ग्वेनने दिव्याच्या उजेडात पुस्तकाशेजारी उभ्या असलेल्या डोरेलियाची सुंदर चित्रे तेथे रंगवली. रोम काही गाठता आले नाही. १९०४ साली दोघी पॅरिसला वळल्या. डोरेलिया पुढे परत गेली. ग्वेन फ्रान्समध्येच राहिली, ती मरेपर्यंत.

पॅरिसमध्ये जगण्यासाठी तिने चित्रकारांपुढे, बहुतांशी स्त्री चित्रकारांपुढे, मॉडेल म्हणून बसण्याचे काम पत्करले. १९०४ साली ती रोदँच्या कार्यशाळेत पोहोचली. रोदँ त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचा, जगप्रसिद्ध. व्हिसलरच्या स्मारकासाठी तो जी कलादेवतेची मूर्ती घडवीत होता, तिच्यासाठी ग्वेन उभी राहत असे. (ते स्मारक कधीच पुरे झाले नाही.) ती त्याच्या प्रेमात पडली आणि ते प्रेम तिला दहा वर्षे जाळीत राहिले. त्याला लिहिलेली तिची सुमारे दोन हजार पत्रे पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात जपून ठेवली आहेत. तो येईल म्हणून ती खोली झाडून, फुले ठेवून वाट पाहत बसे. तो क्वचित येई, पुढे पुढे येईनासा झाला. या नात्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही, तसेच ते चवीने सांगण्याचेही कारण नाही.

मात्र एका योगायोगाकडे माझे मन पुनःपुन्हा जाते. रोदँच्या आयुष्यात ग्वेनच्या आधी एक दुसरी स्त्री येऊन गेली होती: कामीय क्लोदेल, स्वतः थोर शिल्पकार. सुप्रसिद्ध कॅथलिक कवी पॉल क्लोदेल याची ती थोरली बहीण. तिचे मन ढळले होते हे खरे. परंतु वडील वारल्यानंतर आठवडाभरातच, मार्च १९१३ मध्ये, तिच्या कुटुंबाने तिला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन घातले. पुढील तीस वर्षे, १९४३ साली मृत्यू येईपर्यंत, ती तेथून बाहेर पडली नाही. आई एकदाही भेटावयास गेली नाही. भक्तिपर नाटके आणि काव्ये लिहिणारा भाऊ या तीस वर्षांत मोजक्याच वेळा गेला. त्याच १९१३ सालच्या आरंभी ग्वेन जॉन मदोंमध्ये कॅथलिक झाली. एकाच पुरुषाच्या छायेत सापडलेल्या या दोन कलावती. एकीला कॅथलिक कुटुंबाने कुलपात ठेवले, दुसरीला एका कॅथलिक मठाने काम दिले. दोन्ही गोष्टी आपल्याच घरच्या आहेत.

कॅथलिक होण्याआधीची काही वर्षे ग्वेन पॅरिसमधील एका गल्लीत माडीवरच्या खोलीत राहत होती. १९०७ ते १९०९ च्या दरम्यान तिने या खोलीची चित्रे काढली. उतरत्या छपराखाली खिडकी, तिच्यावर पातळ पडदा, वेताची खुर्ची, लहानसे मेज, मेजावर फुले. खुर्चीला टेकवून ठेवलेली छत्री. माणूस नाही. परंतु कोणीतरी नुकतेच उठून गेले आहे किंवा आता येणार आहे, असे वाटत राहते. वाट पाहण्याचे चित्र असेच असणार. ही चित्रे पाहिल्यावर पुढे ती प्रार्थनेकडे वळली याचे मला आश्चर्य वाटत नाही. अंतर्मुख जीवनाची ओढ एवढीच आपल्यापाशी व्यक्त करण्याजोगी गोष्ट असेल, अशा अर्थाचे तिने एका मैत्रिणीला लिहिलेही होते.

१९११ साली तिने मदोंमध्ये बिऱ्हाड केले. रोदँचे घर त्याच गावात होते आणि ती तेथे गेली ती त्याच्या ओढीने, हे उघड आहे. देवाने तिला गाठले ते तिच्या भलत्याच वाटेवर. त्या वेळचा फ्रान्स कॅथलिकांना फारसा अनुकूल नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक धर्मसंघांना शाळा बंद कराव्या लागल्या होत्या, कित्येकांना देश सोडावा लागला होता. १९०५ च्या कायद्याने सरकार आणि ख्रिस्तसभा यांची फारकत झाली होती. आणि नेमक्या याच काळात पेगी, मारितँ यांसारखी बुद्धिमान माणसे श्रद्धेकडे परतत होती. ग्वेन मात्र या विद्वानांच्या मेळाव्यातून आली नाही. तिची वाट गावच्या चर्चमधून आणि मठाच्या दारातून गेली.

आता त्या कार्डावरील संस्थापिकेविषयी. मारी पूसपँ यांचा जन्म १६५३ साली फ्रान्समधील दूर्दाँ या गावी झाला. घरचा मोजे विणण्याचा धंदा. तो त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी हाताच्या सुयांऐवजी विणकामाची यंत्रे आणली आणि गावच्या तरुणांना ते काम शिकवले. १६९६ साली सँव्हिल या खेड्यात त्यांनी डॉमिनिकन परंपरेतील एक भगिनीसंघ सुरू केला. खेड्यातील मुलींना शिकवणे आणि गोरगरीब आजाऱ्यांची सेवा करणे हे त्याचे कार्य. या भगिनी बंदिस्त मठात न राहता लोकांत मिसळून काम करीत आणि आपल्या कष्टावर आपला चरितार्थ चालवीत. त्या काळी ही गोष्ट नवीन होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० नोव्हेंबर १९९४ रोजी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. ग्वेनने त्यांचे चित्र हाती घेतले तेव्हा हा दिवस ऐंशी वर्षे दूर होता.

छापील कार्डावरून चित्र उतरवणे हे कारागिराचे काम मानले जाते. आपल्याकडेही तसबिरी रंगवणाऱ्याला कोणी कलावंत म्हणत नाही. भगिनींचीही अपेक्षा तेवढीच असावी: चेहरा ओळखू यावा, झगा नीट असावा, भिंतीवर शोभावे. ग्वेनने ते तसे घेतले नाही. तिने एकामागून एक कॅनव्हास घेतले. पांढऱ्या शिरोवेषात, हात मांडीवर विसावून, मेजाशेजारी बसलेली एक स्त्री. ओठांवर अगदी पुसटसे हसू. अडीचशे वर्षांपूर्वीची माऊली म्हणून तिने त्यांना सोन्याच्या प्रभावळीत बसवले नाही; समोरच्या खुर्चीवर बसून आता काहीतरी विचारतील, अशा त्या दिसतात. कार्डातून तिने घेतली ती बैठक. नजर आणि जिवंतपणा मात्र मदोंच्या मठात रोज दिसणाऱ्या भगिनींकडून घेतला असावा, असे मला वाटते. त्यांच्यापैकी काहींची स्वतंत्र चित्रेही तिने रंगवली.

निदान सहा तरी पूसपँ-चित्रे आज ज्ञात आहेत. ब्रिटनमधील निरनिराळ्या संग्रहालयांत ती विखुरली आहेत. पहिल्या नजरेला सगळी सारखीच. शेजारी शेजारी ठेवली की कळते, एकात पार्श्वभूमी करड्याकडे झुकते, दुसऱ्यात तपकिरीकडे. एकात चेहरा थकलेला, एकात खट्याळ. तिची रीत अशी होती: खडूची भुकटी आणि सरस कालवून त्याचा थर कॅनव्हासला द्यायचा. तो थर रंगातले तेल शोषून घेई. मग घट्ट, कोरडा रंग लहान लहान ठिपक्यांनी लावायचा आणि लावलेल्या जागी पुन्हा हात फिरवायचा नाही. त्यामुळे तिच्या चित्रांना चकाकी नसते. चुन्याने सारवलेल्या भिंतीवर सकाळचा उजेड पडावा तशी ती दिसतात. एखादा ठिपका चुकला तर नवे कॅनव्हास. सात वर्षे गेली ती यात. भगिनींचा धीर सुटत असणार; इकडे महायुद्ध आले आणि गेले, १९१७ च्या नोव्हेंबरात रोदँ मरण पावला, भावाने परत ये म्हणून निरोप धाडले. ग्वेन मदोंमध्येच राहिली आणि तेच चित्र पुन्हा रंगवीत राहिली.

जपमाळेचे मणी ओढताना शब्द तेच असतात. तेच तेच काय म्हणता, असे नवी पिढी विचारते. ग्वेनच्या या सहा चित्रांपेक्षा चांगले उत्तर मला अद्याप सुचलेले नाही.

तिच्या पोटापाण्याची व्यवस्था या काळात कशी होती, हे सांगणे आवश्यक आहे. न्यूयॉर्कमधील एक वकील, जॉन क्विन, आयरिश कुळातला आणि नव्या कलेचा मोठा संग्राहक. १९१० पासून तो तिची चित्रे घेऊ लागला आणि पुढे दरसाल ठराविक रक्कम पाठवू लागला. बदल्यात तिने चित्रे द्यायची. त्यामुळे मॉडेलचे काम सुटले. १९१३ साली न्यूयॉर्कच्या ज्या सुप्रसिद्ध प्रदर्शनाने अमेरिकेला आधुनिक युरोपीय कलेची ओळख करून दिली, त्यातही क्विनमुळे तिचे चित्र लागले. चित्र मात्र वेळेवर कधीच पोहोचत नसे. चित्र झाले आहे असे तिला वाटतच नसे. क्विनने सहसा तक्रार केली नाही. १९२४ साली तो वारला आणि तिचा आधार गेला.

चर्चमध्ये ग्वेन काय करीत असे, हा भाग मला विशेष प्रिय आहे. ती मिस्सेला आणि संध्याप्रार्थनेला नियमाने जाई आणि मागच्या बाजूस बसून लहानशा वहीत चित्रे काढी. वेदीची नव्हे, समोर बसलेल्या माणसांची. म्हणजे पाठींची! गवती खुर्च्यांवर बसलेल्या बायका, त्यांच्या टोप्या, भगिनींचे शिरोवेष, अनाथाश्रमातील मुलींच्या काळ्या टोप्या आणि त्यांवरील पांढऱ्या फिती. घरी येऊन तेच रेखाचित्र ती अनेकदा उतरवी आणि प्रत्येक वेळी निराळ्या छटांत रंगवी. हे गावात सगळ्यांनाच रुचले असे नाही. उपासनेच्या वेळी चित्रे काढणे उचित नव्हे, असे तिला सुनावण्यात आले. तिने पत्रातून दिलेले उत्तर प्रांजळ आहे. आपल्याला इतरांसारखी प्रार्थना करावयास आवडते, पण मन फार वेळ प्रार्थनेत टिकत नाही. त्या टोप्या, त्या भगिनी आपल्याला भुरळ घालतात. हे सारे सोडून दिले तर जीवनात पुरेसा आनंद उरणार नाही, असा त्याचा आशय.

मी स्वतः वेदीपाशी उभा राहणारा माणूस आहे. प्रवचन चालू असताना मागच्या बाकावर कोणी मान खाली घालून कागदावर रेघोट्या ओढू लागले तर माझे चित्त विचलित होईल, हे मी नाकारीत नाही. पण बाकीच्या सगळ्या माना वर असतात म्हणून सगळी मने वेदीपाशी असतात, अशी माझी समजूत नाही. ग्वेन निदान कोठे पाहते हे सांगत तरी होती. तिच्या त्या चित्रांतील बायका पाहिल्या की कळते, तिने त्यांना अतिशय आस्थेने पाहिले आहे. कोणाची टोपी तिला हास्यास्पद वाटली नाही.

देवाची लहानशी चित्रकार व्हावे, अशी आकांक्षा तिने आपल्या वहीत लिहून ठेवली होती. 'लहानशी' हा शब्द तिने कोठून उचलला, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. १८९७ साली वारलेली लिज्यूची तेरेजा त्या काळात फ्रान्सच्या घराघरांत पोहोचली होती. १९२५ साली तिला संतपद मिळाले. बालपणीच्या तेरेजाच्या एका छायाचित्रावरून ग्वेनने कितीतरी लहान चित्रे केली आहेत. म्हणजे पुन्हा छापील चित्र, पुन्हा तोच उद्योग. मात्र श्रद्धेमुळे तिचे मन एकदम निवले, असे समजू नये. जीव लावायचा तो टोकाचा, हा तिचा स्वभाव कायम राहिला.

याचा अनुभव मारितँच्या घराला आला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या आमच्या पिढीला जाक मारितँ हे नाव संत थॉमस अक्वायनसचा आधुनिक भाष्यकार म्हणून परिचित आहे. १९०६ साली तो, पत्नी रायसा आणि मेहुणी व्हेरा या तिघांनी स्नानसंस्कार घेतला होता. १९२३ पासून हे कुटुंब मदोंमध्ये राहत होते. १९२६ च्या डिसेंबरअखेर जर्मन कवी रिल्के वारला. तो पूर्वी रोदँचा चिटणीस होता आणि ग्वेनला वाचावयास पुस्तके देत असे. त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना कशी करावी, हे विचारण्यास ग्वेन मारितँकडे गेली आणि व्हेराशी तिची ओळख झाली. पुढे ती व्हेराच्या इतकी मागे लागली की व्हेराने तिला फक्त सोमवारी भेटण्याची मुभा दिली. दर सोमवारी ग्वेन तिच्यासाठी एक चित्र घेऊन जाई. तीन-चार वर्षांत हे नाते संपले. मारितँने १९२० साली कला आणि शास्त्रीपरंपरा यांच्या संबंधावर एक नामांकित ग्रंथ लिहिला होता. कलावंताने आपल्या कृतीवर धर्माचा शिक्का मारण्याचा खटाटोप करू नये. श्रद्धा जगावी आणि काम उत्तम करावे, असे त्यात प्रतिपादन आहे. त्याच्याच दारी दर सोमवारी चित्र घेऊन येणारी ही ओशाळवाणी बाई त्या सिद्धान्ताचे जिवंत उदाहरण होती. हे त्या विद्वान घरात कितपत उमगले असेल?

१९२६ साली लंडनच्या चेल्सी भागातील एका गॅलरीत तिच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. तिच्या हयातीतील हे एकमेव स्वतंत्र प्रदर्शन. त्याच सुमारास तिने मदोंमध्ये जमिनीचा तुकडा घेतला आणि तेथील एका खोपटात ती मांजरांसह राहू लागली. १९३३ नंतरचे तिचे काम जवळपास आढळत नाही. हात का थांबला याविषयी तर्क पुष्कळ आहेत. त्यांत मी भर घालीत नाही.

१९३९ च्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. १० तारखेला तिने मृत्युपत्र केले. मग मांजरांच्या खाण्यापिण्याची सोय लावून ती रेल्वेने समुद्रकाठच्या दिएप शहरी गेली. सोबत सामान काहीही नव्हते. तेथे ती रस्त्यात कोसळली. लोकांनी तिला धर्मार्थ इस्पितळात नेले आणि १८ सप्टेंबर रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तिने तेथे देह ठेवला. दफन कोठे झाले, याची खूण कित्येक दशके कोणाला सांगता येत नव्हती.

तिची ज्ञात तैलचित्रे सुमारे दीडशे. १९४६ साली लंडनमध्ये स्मृतिप्रदर्शन भरले आणि ऑगस्टसने त्याच्या पुस्तिकेसाठी प्रस्तावना लिहिली. पन्नास वर्षांनी लोक आपल्याला ग्वेन जॉनचा भाऊ म्हणून ओळखतील, असे तो म्हणत असे; १९६१ साली तो वारला, आणि त्याचे भाकीत पुष्कळ अंशी खरे ठरले आहे. १९७६ साली वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तिच्या पुतण्याकडून नऊशेहून अधिक रेखाचित्रे मिळवली. मदोंच्या चर्चमधील त्या टोप्या घातलेल्या, पाठमोऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी आता कार्डिफ शहरी तिच्याच जन्मभूमीत आहेत. त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.